बलवान पानांची बोली: ब्रिजमधील ‘दोन किलवर’, ‘एक किलवर’ आणि इतर संकेत

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये दुबळी पाने आलेल्या खेळाडूचे काम सोपे असते. तो ‘पास’ म्हणतो आणि पुढच्या डावाची वाट पाहतो. खरी कसोटी बलवान पाने आलेल्याची असते. आपले बळ त्याला समोर बसलेल्या भिडूला कळवायचे असते, आणि तेही पाने न दाखवता, आवाजात चढउतार न करता, केवळ ठरलेल्या बोलींतून. त्याचे सांगणे अर्धे राहिले आणि दुबळ्या भिडूने मध्येच ‘पास’ म्हटले, तर जिंकता येण्याजोगे शेकडो गुण टेबलावरच राहतात. हे टाळण्यासाठी गेल्या शंभर वर्षांत जे संकेत तयार झाले, त्यांची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

मेंढीकोटहून ब्रिजकडे

पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा मिळून २०२३ मध्ये मध्य प्रदेशात स्वतंत्र जिल्हा झाला. मराठी बोलणाऱ्या या भागातील वाचकांना मेंढीकोट परका नाही. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकी तेरा पाने, रंगाला रंग, हुकूम आणि हात ही मेंढीकोटची सगळी चौकट ब्रिजमध्येही आहे. फरक दोन गोष्टींत आहे. मेंढीकोटात दश्श्या पकडायच्या असतात, तर ब्रिजमध्ये केवळ हात मोजले जातात. दुसरा फरक अधिक मोठा आहे. मेंढीकोटात भिडूजवळ काय आहे याचा अंदाज खेळता खेळताच बांधावा लागतो. ब्रिजमध्ये पहिले पान पडण्यापूर्वी बोली होते आणि त्या बोलीतून हुकूम कोणता व हात किती करायचे, हे ठरते. हा जो ठराव होतो त्यालाच कॉन्ट्रॅक्ट म्हणतात.

बोलीच्या सात पायऱ्या आहेत. पायरीच्या आकड्यात सहा मिळवले की करावयाच्या हातांची संख्या मिळते. म्हणजे ‘चार इस्पिक’ या बोलीत इस्पिक हुकूम ठेवून दहा हात करण्याचे वचन असते. प्रत्येक पायरीवर किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि बिनहुकूम असा चढता क्रम असतो. यातून ३५ बोली होतात. पास, डबल आणि रिडबल धरून खेळाडूच्या तोंडी एकूण ३८ शब्द येतात. तेरा पानांचे वर्णन या ३८ शब्दांत करायचे आणि प्रत्येक नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा वरची असली पाहिजे. म्हणजे बोलण्यासाठी असलेली जागा मर्यादित आहे आणि वापराबरोबर ती संपत जाते.

बळ मोजण्याची रीत

सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ गुण देतात. पूर्ण गड्डीत ४० गुण असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १० येतात. साधारण १२-१३ गुण असले की खेळाडू पहिली बोली देतो. दोन्ही भिडूंचे मिळून २५-२६ गुण झाले की गेम, आणि ३३ च्या आसपास झाले की बारा हातांचा लहान स्लॅम शक्य मानला जातो.

तथापि केवळ गुणांवरून पानांचे खरे बळ कळत नाही. एका रंगाची सहा-सात सलग मोठी पाने असतील, तर कमी गुणांतही हात पुष्कळ होतात. उलट एकाच रंगात सुटे राजा-राणी असतील, तर गुण दिसतात पण हात होत नाहीत. म्हणून जाणकार खेळाडू बलवान पाने दोन मापांनी तोलतात. पाने समतोल असतील, म्हणजे कोणताही रंग फार लांब वा फार आखूड नसेल, तर ते गुण मोजतात. एखादा रंग लांब असेल, तर भिडूच्या मदतीविना किती हात होतील, ते मोजतात.

अशी पाने किती वेळा येतात, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. एका खेळाडूला २२ किंवा अधिक गुण येण्याची शक्यता सुमारे ०.४२ टक्के आहे. म्हणजे साधारण २३६ वाटपांत एकदा. २४ डावांच्या बैठकीत एखाद्या जोडीतील कोणा एकाला अशी पाने येण्याचा योग सरासरीने पाच बैठकांत एकदाच येतो. याउलट १६ किंवा अधिक गुण सुमारे ९.८ टक्के वेळा, म्हणजे जवळपास दर दहा वाटपांत एकदा येतात. पुढे येणाऱ्या दोन प्रमुख पद्धतींमधील वाद याच दोन आकड्यांभोवती फिरतो.

प्रश्न निर्माण कसा झाला

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजपूर्वी ऑक्शन ब्रिज प्रचलित होता. त्यात बोली लहान लावली तरी प्रत्यक्षात केलेले सर्व हात गेमसाठी धरले जात. त्यामुळे बलवान पाने असलेल्याने सावधपणे थोडेच बोलावे आणि खेळून सर्व मिळवावे, ही रीत चालून जाई. १९२५ मध्ये अमेरिकेतील हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ जहाजावरील प्रवासात गुणांची नवी पद्धत घडवली. तिच्यात गेमचे आणि स्लॅमचे बक्षीस फक्त बोलीत वचन दिलेल्या हातांनाच मिळू लागले. न बोललेल्या जादा हातांचे मोल अल्प झाले.

या एका बदलाने बलवान पानांचा प्रश्न उभा राहिला. आता कमी बोलणे महाग पडू लागले, आणि सारे बळ सांगण्यापूर्वीच भिडूने पास म्हटले तर उपाय उरला नाही. नवा प्रश्न निर्माण करणाऱ्या व्हँडरबिल्ट यांनीच त्याचे एक उत्तरही दिले. त्यांच्या पद्धतीत ‘एक किलवर’ या पहिल्या बोलीचा किलवर रंगाशी संबंध नव्हता. तिचा अर्थ ‘माझी पाने बलवान आहेत’ इतकाच होता. भिडू दुबळा असेल तर त्याने ‘एक चौकट’ म्हणायचे. पुढील काळातील सर्व बलवान किलवर पद्धतींचे मूळ येथे आहे.

त्याच सुमारास एली कल्बर्टसन यांनी वेगळा मार्ग लोकप्रिय केला. बलवान पाने असतील तर आपल्या लांब रंगाची बोली थेट दुसऱ्या पायरीवरून द्यायची. ‘दोन बदाम’ म्हटले की बदाम रंग लांब आणि गेम जवळजवळ स्वतःच्या हाती, असा अर्थ. गेम होईपर्यंत भिडूने पास म्हणायचे नाही आणि काहीच नसेल तर ‘दोन बिनहुकूम’ हे नकाराचे उत्तर द्यायचे. ही रीत समजायला सोपी होती, पण तिच्यात दुसऱ्या पायरीवरील चारही रंगांच्या बोली क्वचित येणाऱ्या पानांसाठी अडकून पडत.

‘दोन किलवर’: एकाच बोलीत सर्व बळ

ही अडचण दूर करणारा संकेत आज जगभर सर्वाधिक वापरला जातो. अतिशय बलवान पाने कोणत्याही रंगाची असोत, पहिली बोली ‘दोन किलवर’ द्यायची. ही बोली कृत्रिम आहे, म्हणजे हातात किलवर असण्याचे ती काहीच सांगत नाही. १९३० च्या दशकात लंडनमध्ये घडलेल्या आणि तेथील ॲकॉल रस्त्यावरील क्लबच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ॲकॉल पद्धतीत ती केंद्रस्थानी होती. अमेरिकेत रूढ असलेल्या पद्धतींनीही पुढे तीच स्वीकारली. यामुळे दोन चौकट, दोन बदाम आणि दोन इस्पिक या बोली मोकळ्या झाल्या. हॉवर्ड शेंकेन यांनी रुजवलेल्या दुबळ्या दोनच्या बोलींना, म्हणजे सहा पानांचा रंग पण थोडे गुण दाखवणाऱ्या बोलींना, ही जागा मिळाली.

‘दोन किलवर’साठी सर्वसाधारण निकष दोन आहेत. पाने समतोल असतील तर २२ किंवा अधिक गुण हवेत. लांब रंगाची पाने असतील तर गेमला जेमतेम एक हात कमी पडावा. म्हणजे बदाम किंवा इस्पिक लांब असेल तर स्वबळावर नऊ हात, आणि किलवर किंवा चौकट लांब असेल तर दहा हात.

भिडूचे नेहमीचे उत्तर ‘दोन चौकट’ असते. जुन्या रीतीत त्याचा अर्थ ‘माझ्याजवळ काही नाही’ असा होता. आज बहुसंख्य जोड्या त्याचा अर्थ ‘मी थांबतो, आधी तुम्ही सांगा’ असा घेतात. दोन्ही अर्थांत जागा कमीत कमी खर्च होते, हा त्याचा गुण. भिडूजवळ पाच किंवा अधिक पानांचा चांगला रंग आणि सुमारे आठ गुण असतील, तरच तो आपल्या रंगाची बोली देतो.

त्यानंतर बलवान खेळाडू आपली खरी पाने सांगतो. ‘दोन बिनहुकूम’ म्हटले तर पाने समतोल आणि गुण २२ ते २४. ‘तीन बिनहुकूम’ म्हटले तर समतोल आणि २५ ते २७. रंगाची बोली दिली तर तो रंग लांब, आणि गेमपर्यंत थांबायचे नाही. या साऱ्यात पास म्हणण्याची मुभा भिडूला एकाच ठिकाणी आहे: ‘दोन किलवर, दोन चौकट, दोन बिनहुकूम’ यानंतर त्याच्याजवळ खरोखर काहीच नसेल तेव्हा. हा अपवाद दोघांनीही पाठ ठेवावा लागतो.

एक उदाहरण

दक्षिणेला बसलेल्या खेळाडूची पाने अशी आहेत:

इस्पिक: एक्का, राजा, राणी, गुलाम, ७, ४
बदाम: एक्का, राजा, ५
चौकट: एक्का, ३
किलवर: ८, २

समोरच्या उत्तरेच्या खेळाडूची पाने:

इस्पिक: ६, ३
बदाम: राणी, ९, ७, २
चौकट: ८, ६, ४
किलवर: ९, ७, ५, ३

दक्षिणेचे गुण २१ आहेत. इस्पिकचे सहा, बदामाचे दोन आणि चौकटीचा एक असे नऊ हात तिच्याजवळ तयार आहेत. दहाव्यासाठी भिडूजवळ एकच उपयोगी पान हवे, आणि ते बदामाच्या राणीच्या रूपाने आहे. पण उत्तरेच्या खेळाडूला दिसतात ते केवळ दोन गुण. दक्षिणेने ‘एक इस्पिक’ म्हटले, तर तो नियमाप्रमाणे पास म्हणेल आणि त्यात त्याची काही चूक नसेल. खेळात दहा हात होतील आणि पदरात पडतील १७० गुण. तेच दहा हात ‘चार इस्पिक’ बोलून केले तर ४२० गुण मिळतात, आणि जोडी जोखमीच्या, म्हणजे ‘व्हल्नरेबल’ स्थितीत असेल तर ६२०.

संकेताच्या मार्गाने बोली अशी होते. दक्षिण: दोन किलवर. उत्तर: दोन चौकट. दक्षिण: दोन इस्पिक. उत्तर: दोन बिनहुकूम. दक्षिण: तीन इस्पिक. उत्तर: चार इस्पिक. यातील उत्तरेचे ‘दोन बिनहुकूम’ हे दुसरे नकारार्थी उत्तर आहे: आधी थांबलो होतो, आता दुबळेपणा स्पष्ट सांगतो. काही जोड्या याच कामासाठी ‘तीन किलवर’ वापरतात, तर काही पहिल्याच उत्तरात ‘दोन बदाम’ म्हणून दुबळेपणा जाहीर करतात. कोणता शब्द निवडला यापेक्षा दोघांनी तोच निवडला आहे ना, हे महत्त्वाचे.

‘दोन बिनहुकूम’ आणि त्याची उत्तरे

२० ते २१ गुणांची समतोल पाने ‘दोन किलवर’साठी थोडी कमी आणि पहिल्या पायरीसाठी फार मोठी ठरतात. त्यांच्यासाठी ‘दोन बिनहुकूम’ ही सरळ बोली आहे. ती बंधनकारक नाही. अगदी दुबळा भिडू पास म्हणू शकतो. तीन-चार गुण असलेला भिडू पुढे जातो. ‘तीन किलवर’ म्हणून तो बदाम किंवा इस्पिकची चार पाने आहेत का, हे विचारतो. सॅम स्टेमन यांच्या नावाने हा संकेत ओळखला जातो. ‘तीन चौकट’ म्हणजे बदामाची पाच पाने आणि ‘तीन बदाम’ म्हणजे इस्पिकची पाच पाने असून, बलवान खेळाडूने तो वरचा रंग स्वतः बोलायचा असतो. याला ट्रान्स्फर म्हणतात. त्यामुळे बलवान पाने झाकलेली राहतात, दुबळी पाने डमी म्हणून टेबलावर उघडतात आणि पहिली उतारी बलवान पानांच्या दिशेने येते. राजा-राणीसारखी पाने अशा उतारीत वाचतात.

‘एक किलवर’: दुसरा मार्ग

व्हँडरबिल्ट यांची कल्पना काही काळ मागे पडली, पण संपली नाही. इटलीच्या ‘ब्लू टीम’ने १९५७ ते १९६९ या काळात जागतिक अजिंक्यपदाचा बर्म्युडा बाऊल दहा वेळा जिंकला, आणि तिच्या काही प्रमुख जोड्या नेपोलिटन किंवा ब्लू क्लब या बलवान किलवर पद्धती खेळत. पुढे सी. सी. वेई यांनी प्रिसिजन ही तुलनेने सोपी पद्धत तयार केली. १९६९ मध्ये रिओ दि जानेरो येथे ती खेळणारा तैवानचा संघ बर्म्युडा बाऊलच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि ही पद्धत जगभर पसरली.

प्रिसिजनमध्ये १६ किंवा अधिक गुणांच्या सर्व पानांसाठी पहिली बोली ‘एक किलवर’. भिडूजवळ ७ पर्यंत गुण असतील तर तो ‘एक चौकट’ म्हणतो. ८ किंवा अधिक असतील तर अन्य बोली देतो, आणि तेथून गेम होईपर्यंत कोणीही थांबत नाही. उदाहरणार्थ, पहिल्या खेळाडूजवळ पुढील १६ गुण आहेत:

इस्पिक: एक्का, राजा, १०, ७, ४
बदाम: एक्का, राणी, ६
चौकट: राजा, ८, ३
किलवर: ९, २

भिडूजवळ ९ गुण आहेत:

इस्पिक: राणी, ८, २
बदाम: राजा, ९, ४
चौकट: एक्का, ७, ५, २
किलवर: १०, ६, ३

बोली अशी होते: एक किलवर – एक बिनहुकूम – दोन इस्पिक – तीन इस्पिक – चार इस्पिक. ‘एक बिनहुकूम’ या उत्तराने समतोल पाने आणि ८ ते १० गुण सांगितले. म्हणजे दोन बोली होताच दोघांनाही ठाऊक झाले की गेम नक्की आहे. उरला प्रश्न फक्त हुकमाचा. इस्पिकचे पाच, बदामाचे तीन आणि चौकटीचे दोन असे दहा हात येथे होतात.

या पद्धतीचा दुसरा लाभ कमी दिसतो, पण तोच मोठा आहे. बलवान पाने ‘एक किलवर’मध्ये गेल्याने ‘एक इस्पिक’ किंवा ‘एक बदाम’ या बोलींना वरची मर्यादा मिळते. त्यांचा अर्थ पाच पाने आणि ११ ते १५ गुण इतकाच उरतो, आणि भिडूला पास म्हणताना मागे काही राहिल्याची धाकधूक राहत नाही.

उणीवही तितकीच स्पष्ट आहे. ‘एक किलवर’ म्हणणाऱ्याने अद्याप आपला कोणताही रंग सांगितलेला नसतो. प्रतिपक्षातील खेळाडू हे जाणून, फारसे गुण नसतानाही, लांब रंगाच्या जोरावर एकदम तीन किलवर किंवा तीन चौकट अशी बोली टाकतो. बलवान जोडीची दोन-तीन पायऱ्यांची जागा एका फटक्यात जाते आणि तिला अंधारात निर्णय घ्यावा लागतो. ‘दोन किलवर’ म्हणणाऱ्याचे बळ इतके असते की अशा अडथळ्याला तो सहसा डरत नाही. १६-१७ गुणांच्या ‘एक किलवर’ला मात्र तो बोचतो. म्हणून ही पद्धत स्वीकारणाऱ्या जोडीने अडथळा आल्यास डबलचा अर्थ काय आणि पासचा अर्थ काय, हे आधीच ठरवणे अनिवार्य आहे.

मधले मार्ग

या दोन टोकांमध्ये अनेक संकेत आहेत. स्कॉटलंडच्या आल्बर्ट बेंजामिन यांच्या संकेतात दोन पातळ्या वेगळ्या केल्या आहेत. लांब रंग आणि सुमारे आठ हात असतील तर ‘दोन किलवर’, आणि गेम निश्चित असेल तर ‘दोन चौकट’. दोन बदाम व दोन इस्पिक दुबळ्या पानांसाठी मोकळ्या राहतात. तीन रंग चार-चार पानांचे आणि चौथ्याचे एकच पान, अशी बलवान पाने ‘दोन किलवर’मधून सांगणे फार अवघड जाते, रोमन पद्धतीत त्यांच्यासाठी ‘दोन चौकट’ ही स्वतंत्र बोली होती. बदाम किंवा इस्पिकचा लांब भक्कम रंग असून पाने ‘दोन किलवर’इतकी मोठी नसतील, तर काही जोड्या ‘चार किलवर’ म्हणून बदाम आणि ‘चार चौकट’ म्हणून इस्पिक सांगतात. स्टेमन या आडनावाची इंग्रजी अक्षरे उलटी लावून या संकेताला ‘नाम्यात्स’ हे नाव पडले.

स्लॅमकडे जाताना

बलवान पानांची बोली पुष्कळदा गेमवर थांबत नाही. लहान स्लॅमला ५०० किंवा ७५०, आणि तेराही हातांच्या मोठ्या स्लॅमला १००० किंवा १५०० गुणांचे बक्षीस असते. हुकूम ठरल्यावर ‘चार बिनहुकूम’ म्हणून एक्के विचारण्याचा संकेत इझली ब्लॅकवूड यांनी १९३३ मध्ये मांडला. मूळ रीतीत ‘पाच किलवर’ म्हणजे एकही एक्का नाही किंवा चारही आहेत, ‘पाच चौकट’ म्हणजे एक, ‘पाच बदाम’ म्हणजे दोन आणि ‘पाच इस्पिक’ म्हणजे तीन. नंतरच्या सुधारित रूपात हुकमाचा राजा पाचवा एक्का म्हणून मोजला जातो.

नव्या खेळाडूंच्या हातून येथे एक चूक वारंवार घडते. एक्के विचारायचे ते उत्तराचा उपयोग ठाऊक असेल तेव्हाच. एखाद्या रंगात आपल्याजवळ दोन लहान पाने असतील, तर भिडूजवळ एक एक्का आहे एवढ्याने भागत नाही. तो त्याच रंगाचा आहे का, हे कळायला हवे. अशा वेळी प्रत्येक रंगातील एक्का-राजा क्रमाने सांगणाऱ्या बोली अधिक उपयोगी पडतात.

संकेत गुप्त नसतो

संकेत म्हणजे दोघांमधील खाजगी खूण, असा गैरसमज पत्ते खेळणाऱ्या अनेक घरांत असतो. ब्रिजचा नियम याच्या नेमका उलट आहे. जोडीने ठरवलेला प्रत्येक अर्थ प्रतिपक्षाला विचारताक्षणी सांगावा लागतो, स्पर्धेत तो कार्डावर लिहून ठेवावा लागतो, आणि संघटनेच्या नियमांनुसार कृत्रिम बोलीकडे लक्ष वेधावे लागते. चेहरा, उसासा, पाने ठेवण्याची ढब यांतून भिडूला काही कळवणे ही लबाडी ठरते. बळ नसताना कृत्रिम ‘दोन किलवर’ म्हणून प्रतिपक्षाला घाबरवण्यावरही अनेक स्पर्धांत बंदी आहे. सारे उघड असूनही बुद्धीला वाव उरतो, हीच या खेळाची प्रतिष्ठा.

खेड्यातही रुजलेला खेळ

ब्रिज हा शहरी क्लबांचा आणि इंग्रजी जाणणाऱ्यांचा खेळ, ही समजूत मध्य प्रदेशातच खोटी ठरली आहे. खरगोन जिल्ह्यातील रायबिडपुरा हे शेतकऱ्यांचे गाव ब्रिजसाठी ओळखले जाते. १९६० च्या दशकात तेथे नेमणुकीवर असलेल्या पशुवैद्यकाने गावकऱ्यांना हा खेळ शिकवला आणि शेतीची कामे आटोपून बसणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तो टिकवला. देशाच्या राष्ट्रीय ब्रिज स्पर्धांतील एका चषकाला होळकर हे नाव आहे, याचीही मराठी वाचकाला ओळख असावी. २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक भारताला मिळवून दिले. २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या त्याच स्पर्धांत भारताच्या पुरुष संघाने रौप्यपदक पटकावले.

नव्या जोडीने काय ठरवावे

ज्या गावात ब्रिजचा क्लब नाही, तेथे चौघे मेंढीकोट खेळणारे जमले तरी आरंभ करता येतो. अशा नव्या जोडीने बलवान पानांसाठी पुढील ठराव लिहून ठेवावा:

१. समतोल पाने आणि २० ते २१ गुण: दोन बिनहुकूम.
२. समतोल पाने आणि २२ किंवा अधिक गुण, अथवा गेमला एक हात कमी अशी लांब रंगाची पाने: दोन किलवर.
३. दोन किलवरला नेहमीचे उत्तर दोन चौकट. त्यावर पास कधीही नाही.
४. त्यानंतर दोन बिनहुकूम आले तरच अगदी दुबळ्या भिडूला पास म्हणता येईल; रंगाची बोली आली तर गेमपर्यंत जायचे.
५. बाकीची सर्व पाने पहिल्या पायरीवरून बोलायची, आणि २० गुणांखालील पानांना लांब रंगाच्या भक्कम आधाराविना ‘दोन किलवर’ म्हणायचे नाही.

असा योग क्वचित येत असल्याने ठराव विस्मरणात जातो, आणि भिडूने ‘दोन चौकट’वर पास म्हणून टाकल्याचे प्रसंग घडतात. यावर सरावाचा सोपा उपाय आहे. गड्डीतून चार एक्के आणि दोन राजे बाजूला काढावेत. हे २२ गुण होतात. उरलेली ४६ पाने पिसून, एका खेळाडूला त्या सहा पानांशिवाय सात आणि इतर तिघांना तेरा-तेरा वाटावीत. मग फक्त बोली करावी, पाने उघडून ती योग्य ठिकाणी पोहोचली का ते पाहावे, आणि पुन्हा वाटावे. तासाभरात अशी वीस वाटपे होतात. एरवी तेवढी बलवान पाने यायला कित्येक महिने लागतील. चौघे जमत नसतील तर ‘ब्रिज बेस ऑनलाइन’सारख्या संकेतस्थळावर घरबसल्या सराव करता येतो.

पद्धत कोणती निवडावी, यावर तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही आणि होण्याची चिन्हेही नाहीत. ‘दोन किलवर’ने जग जिंकलेल्या जोड्या आहेत, तशा ‘एक किलवर’नेही. नव्या जोडीने पहिला मार्ग धरणे श्रेयस्कर, कारण त्यात लक्षात ठेवण्यासारखे थोडे आहे आणि बाकीची बोली नैसर्गिक राहते. दोघांची वर्षभर बैठक जमली, अडथळ्यांना तोंड देण्याची सवय झाली, की मग दुसऱ्याचा विचार करावा. तोपर्यंत बलवान पाने हाती आलेल्याला एवढा भरवसा पुरेसा आहे की, दोन गुण घेऊन बसलेला समोरचा भिडूही गेम होईपर्यंत त्याची साथ सोडणार नाही.